मापबाईचा अंगठा

कारखान्यात तिच्या पायाला मान होता, तिला नव्हता. ती आत आली की शिलाई विभागातल्या बायकासुद्धा आधी तिच्या पायांकडे बघत आणि मग तोंडाकडे. मालक तर थेट पायांशीच बोलत. "काय म्हणतोय आज आपला पाय?" असं विचारत, आणि त्या ‘आपल्या’ पायात कारखान्याचा वाटा किती आणि तिचा किती, हे तिला कधी नीट उमगलं नाही. सगळे तिला मापबाई म्हणत. हे नाव घरापर्यंत पोचलं, भाजीच्या दुकानात पोचलं, लेकीच्या शाळेतही पोचलं. नवरा रागावला की तोसुद्धा तिला याच नावाने हाक मारी.

कारखाना बायकांच्या बुटांचा. बूट करायचा तर आधी फर्मा लागतो, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा. त्यावर कातडं ताणून बूट घडवतात. पण फर्म्याला जीव नसतो, त्याला काही चावत नाही की टोचत नाही. म्हणून नवा नमुना तयार झाला की तो एका खऱ्याखुऱ्या बाईच्या पायात घालून बघायचा, अशी मालकांच्या वडिलांनी पद्धत घातली होती. मधल्या मापाचा, धड पाय असलेली एक बाई निवडायची. तिने नवा बूट घालून हॉलमधल्या लांब फळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि मग एवढंच सांगायचं, लागतो की लागत नाही. ती ‘लागत नाही’ म्हणेपर्यंत कातड्याला सुरी लावायची नाही. मालक हे येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगत. आमच्याकडे बाईने हो म्हटल्याशिवाय बूट बाहेर पडत नाही, म्हणत.

मापबाई मूळची शिलाई मशीनवरची. आधीची मापबाई काम सोडून गेली तेव्हा सगळ्या बायकांचे पाय मोजले गेले आणि हिचा पाय फर्म्याशी असा जुळला की कटिंग मास्तरांनी फीत गुंडाळून खिशातच टाकली. हे मास्तर म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने गृहस्थ. कातडं तेच कापत आणि फर्मेही तेच तासत. त्या दिवसापासून हिचं मशीन सुटलं. बाकीच्या बायकांनी नाकं मुरडली. नुसतं नटून चालायचं, याला काय काम म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी एक आठवडा ते काम करून बघायला हवं होतं. आपण नवा बूट घेतला आणि तो चावला, की आपण चार दिवस कुरकुरतो, कापूस लावतो, मग तो मऊ पडतो आणि आपण विसरून जातो. मापबाईचा बूट कधी मऊ पडलाच नाही. मऊ पडायच्या आत तो काढायचा आणि दुसरा कोरा, कडक घालायचा. सकाळी टोकदार, दुपारी उंच टाचेचा, संध्याकाळी पुन्हा टोकदार. आणि ती ‘लागतो’ म्हणाली की काय व्हायचं? मास्तर थोडं सैल करायचे, मालक तो पुन्हा थोडा आवळायला लावायचे. बाजारात सध्या निमुळता बूट चालतो, म्हणायचे. तिने पुन्हा घालायचा. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिचं ‘लागतो’ हळूच ‘थोडासा लागतो’ व्हायचं, आणि थोडासा म्हणजे काहीच नाही, असा मालकांच्या कानांचा रिवाज होता.

पाच-सात वर्षांत तिच्या उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला आणि त्याच्या बुडाशी हाडाचं टेंगूळ आलं. लाल, तुळतुळीत, हात लावू देईना असं. डॉक्टरांनी त्याला ‘बनियन’ असं इंग्रजी नाव सांगितलं, ते ऐकून नवऱ्याला गंजीफ्रॉकच आठवला आणि तो दवाखान्यातच हसला. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का. आईला होतं, असं ती प्रामाणिकपणे म्हणाली. झालं. मालकांना तेवढंच हवं होतं. "म्हणजे घराण्यातलंच आहे," असं त्यांनी कारखानाभर सांगून टाकलं. आईचं टेंगूळ आयुष्यभर कधी दुखलं नव्हतं, कारण आईने पसरट चपलेखेरीज पायात काही घातलंच नव्हतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पाय आता फर्म्याशी जुळेना. वास्तविक दुसरी बाई बघता आली असती. पण दुसरी बाई म्हणजे दुसरा पाय, आणि सगळे फर्मे एवढी वर्षं हिच्याच पायावर तासून तासून बेतलेले. मालकांनी दोन दिवस विचार केला आणि तिला बोलावून सांगितलं, की ऑपरेशन करून घ्या, सगळं कारखाना बघेल. तुम्ही घरच्यासारख्या आहात.

यावर कारखान्यात मालकांचं केवढं कौतुक झालं! हल्लीच्या दिवसांत कोण करतं कोणासाठी, असं शिलाईतल्या बायका म्हणाल्या. नवऱ्याचे डोळे पाणावले. मापबाईने स्वतः मालकांना वाकून नमस्कार केला. आता मला सांगा, बुटाने पाय बिघडला, तर साध्या माणसाच्या डोक्यात काय येईल? बूट सुधारावा, हेच ना? पण इथे पाय सुधारायचा ठरला, बुटाला कोणी बोट लावलं नाही, आणि यालाच सगळ्यांनी दया म्हटलं. तीही तसंच म्हणाली, तिला तरी दोष काय द्यायचा!

डॉक्टर तरुण होते, हाताला चांगले होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाड कापायचं, आत सरकवायचं, स्क्रूने पक्कं करायचं. बहुतेकांना पुढे बरीच वर्षं त्रास होत नाही, म्हणाले, फक्त यापुढे बूट सैल आणि रुंद हवेत, निमुळते अजिबात नकोत. तिने मान डोलावली. ती काय काम करते हे त्यांनी विचारलं नाही. ती कारखान्यात आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. ती सांगणार होती, पण शेजारी मालकांचा माणूस बसला होता, आणि एवढा उपकार घेताना उगाच तोंड कशाला उघडायचं, असं तिला वाटलं.

ऑपरेशन उत्तम झालं. हे खोटं नाही. सुरुवातीचे दिवस जीव नकोसा झाला, पाय उशांवर, घरातलं सगळं लेकीवर. लेक तेव्हा शाळेत होती. ती भांडी घासून, कणीक मळून शाळेला पळायची. पण सूज उतरली आणि पाय दिसला तेव्हा घरात सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला. सरळ अंगठा, टेंगळाचा पत्ता नाही, फक्त एक बारीक रेघ. डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपेना. तेव्हा तिने बिचकत सांगितलं, की अंगठ्याच्या या आतल्या बाजूला काही कळत नाही, हात लावला तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं. डॉक्टर हसले. तिथली एक बारीकशी नस दुखावते कधी कधी, म्हणाले, जाग येईल हळूहळू, आणि नाही आली तरी काय बिघडलं? त्या जागेवर कोणी चालत नाही.

खरंच आहे. त्या जागेवर कोणी चालत नाही. पण बूट चावतो तो नेमका तिथेच.

ती फळीवर परत गेली. पहिल्याच दिवशी निमुळता काळा बूट पायात घातला, या टोकाची त्या टोकाला गेली आणि थांबली. मालक उभे होते, मास्तर उभे होते. तिने पाय जरा दाबून बघितला. काही नाही. "लागत नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा चेहरा असा फुलला, की मास्तरांनासुद्धा बरं वाटलं. इतक्या वर्षांनी पाय शांत झाला होता. ऑपरेशनचा गुण, दुसरं काय!

मग काय विचारता! जे नमुने पूर्वी तिच्या पायापाशी अडत, ते आता एका फेरीत पार होऊ लागले. मालकांनी बूट आणखी निमुळता करायला लावला. लागत नाही. आणखी. लागत नाही. त्याच सुमारास शहरातल्या एका मोठ्या दुकानाने आपल्या विक्रेत्या मुलींसाठी एकसारखे काळे बूट करून मागितले. कपड्यांपासून अत्तरांपर्यंत सगळं विकणारं चार मजली दुकान, मुलींनी दिवसभर उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, आणि पायांत तोच बूट. दुसरा घातला तर घरी पाठवणार. तो बूट मापबाईनेच पास केला. पुढे लेकीला त्याच दुकानात नोकरी लागली तेव्हा तिने नवे बूट घरी आणले, आणि मापबाईने ते हातात घेऊन शेजाऱ्यांना दाखवले, माझ्या पायावर बेतलेले आहेत म्हणून.

लेकीने पहिल्या आठवड्यातच सांगितलं की बूट लागतो. मापबाई म्हणाली, नवा आहे. महिन्याने पुन्हा सांगितलं. मापबाई म्हणाली, मोजे पातळ घाल. पुढच्या खेपेला मापबाईला राग आला. मी जन्मभर हेच केलं, या बुटात मी स्वतः चालले आहे, मला लागत नाही आणि तुला बरा लागतो! तुमच्या पिढीला काही सोसायला नको. लेक त्यानंतर बोलायची बंद झाली. घरी आली की दारातच बूट काढायची, पाय बादलीत सोडायची आणि आई आली की पटकन टॉवेल घ्यायची. हे मापबाईला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तिला तो नखरा वाटत होता.

दरम्यान तिचा स्वतःचा पायही पूर्वीसारखा राहिला नव्हता. सांगायचं कोणाला? एवढं ऑपरेशन दुसऱ्यांनी करून दिलेलं, त्याबद्दल कुरकुर करणं म्हणजे कृतघ्नपणा. अंगठा मागे वळेनासा झाला. फळकुटासारखा ताठ. वरच्या फडताळातला डबा काढायला ती चवड्यांवर उभी राहू शकत नव्हती. अंगठा आपला भार घेईना, तो सगळा शेजारच्या बोटाखाली गेला आणि तिथे एक टणक घट्टा झाला, खडा रुतावा तसा. दहा-बारा वर्षांनी तर अंगठाही पुन्हा हळूहळू कलायला लागला. टेंगूळ परत येत होतं, या वेळी न दुखता. न दुखणारं टेंगूळ म्हणजे बरंच झालं की, असं नवरा म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

मग तो दिवस आला. दुकानासाठी नवा नमुना तयार झाला होता. मापबाईने फळीवर दोन-चार फेऱ्या मारल्या, लागत नाही म्हणाली, बूट काढून मास्तरांच्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेली. परत आली तर मास्तर बूट उजेडात धरून आत बघत होते. अस्तराला रक्त लागलं होतं. आतल्या शिवणीचं एक टोक कापायचं राहून गेलं होतं आणि ते तिच्या अंगठ्याच्या बुडाशी घासत होतं. मास्तरांनी तिला बसवलं. मोजा काढला तर कातडी सोलून निघालेली.

"ताई, हे लागलं नाही तुम्हाला?"

"कुठे काय लागलंय?" ती म्हणाली, आणि मग तिने खाली बघितलं.

मास्तरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. ते हातातल्या पेन्सिलीचं टोक लावतील, तिने नुसतं हो म्हणायचं. ती डोळे मिटून बसली. जरा वेळ गेला. मशीनची घरघर चालू होती. शेवटी तिनेच विचारलं, "लावताय ना?"

"कधीचा लावतोय," मास्तर म्हणाले.

तिने डोळे उघडले. पेन्सिल तिच्या पायात रुतली होती. टेंगळावर, अंगठ्याच्या आतल्या अंगाला, जिथे जिथे निमुळता बूट चावतो तिथे तिथे मास्तरांनी टोक दाबलं होतं आणि काळे ठिपके उठले होते. एवढी वर्षं ती ज्याला आराम समजत होती तो आराम नव्हता. पायाचं तोंडच बंद झालं होतं आणि ती त्याच्या वतीने हो म्हणत सुटली होती. तिच्या त्या एका शब्दावर किती बूट कापले गेले, किती बायकांच्या पायांत गेले, आणि त्यातला एक जोड रोज संध्याकाळी तिच्याच घराच्या दारात निघत होता.

घरी जाऊन तिने लेकीला मोजे काढायला लावले. लेकीचा अंगठा कलला होता. दोन्ही पायांचा.

आणि लेकीने तिला जे सांगितलं त्याने तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीने मालकांना परस्पर गाठलं होतं. मालक किती चांगले, ते लगेच म्हणाले की आईचं केलं तसं तुझंही करू, त्याच डॉक्टरांकडे, सगळं आम्ही बघू. तारीखसुद्धा ठरली होती, पुढच्याच आठवड्यातली. आईला शेवटी सांगणार होती, म्हणजे आई पुन्हा नखरे म्हणणार नाही. मापबाईने कपाळाला हात लावला. नको म्हणाली, ओरडली, रडली. लेक शांतपणे ऐकून घेत होती आणि ते शांत ऐकणंच मापबाईला सोसवेना.

"नोकरीत बूट बदलता येत नाही, आई," लेक म्हणाली. "पाय बदलता येतो. तू नाही का बदललास?"

दुसऱ्या दिवशी ती लेकीबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरांचे केस आता पिकले होते, खोली मोठी झाली होती. त्यांनी तिला ओळखलं, म्हणजे तिच्या पायाला ओळखलं. एक्स-रे काढायला लावला आणि बघून खूश झाले. एवढ्या वर्षांनी थोडंसं कलायचंच, म्हणाले, पण एकूण झकास टिकलंय. हाताखालच्या डॉक्टरांना मी तुमचा पाय चांगला नमुना म्हणून दाखवतो.

मापबाईच्या आयुष्यात नमुना हा शब्द पुरेसा झाला होता. तिने त्यांना विचारलं की या झकास पायाने मला चवड्यांवर उभं राहता येत नाही, ते तुमच्या फोटोत दिसतं का. बोटाखाली घट्टा आहे तो दिसतो का. इथे रक्त आलं तरी मला कळत नाही, ते दिसतं का. मग तिने आपण काय काम करतो ते सांगितलं, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. डॉक्टर ऐकता ऐकता खुर्चीत मागे टेकले. त्यांच्या तोंडचं हसू गेलं होतं.

"मी तुम्हाला निमुळते बूट घालू नका म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"आणि मी रोज तेच घालत होते. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही, आणि दोघांनी मिळून मालकांचा बूट वाचवला."

माणूस वाईट नव्हता. त्याने लेकीचे पाय नीट तपासले आणि स्वच्छ सांगितलं. टेंगूळ अजून लहान आहे. रुंद बूट मिळाले तर ते आहे तिथेच थांबू शकेल, कदाचित कधी कापावंच लागणार नाही. उद्या फारच दुखायला लागलं तर ऑपरेशन आहेच, त्याने पुष्कळ जणींचं भलं झालेलं मी बघितलंय. पण ऑपरेशन करून पुन्हा त्याच बुटात दिवसभर उभी राहणार असेल, तर आज सरळ केलेलं हाड परत वळणार, आणि आईसारखी ती जागा बधिर होणार नाही याचीही खात्री नाही. लेकीने विचारलं, बूट बदलला नाही तर? डॉक्टरांनी हात वर केले. ते माझ्या हातात नाही, म्हणाले. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, मग तारीख आहे तशीच राहू दे. हळू आवाजात म्हणाली, पण पक्कं म्हणाली.

म्हणजे आता दोनच गोष्टी होत्या. बूट बदलायचा, नाहीतर पोरीचा पाय कापला जायचा. आणि हातात चार दिवस.

मापबाई आधी मालकांना एकट्यात भेटली. माझा पाय बधिर आहे, माझं हो खोटं आहे, एवढ्या वर्षांचे नमुने पुन्हा बघा. मालकांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला आणि हसून विचारलं, मग तक्रारी कुठे आहेत? बायका बुटाबद्दल बोलतातच, तो त्यांचा स्वभाव. आणि डॉक्टर स्वतः म्हणतात पाय उत्तम आहे, मग तुम्ही कोण डॉक्टरांना खोटं पाडणाऱ्या? लेकीचं होऊन जाऊ दे, ती सुखी, तुम्ही सुखी. खरं तर ‘आम्ही सुखी’ म्हणायचं होतं त्यांना.

यावर दुसरी बाई घरी जाऊन रडली असती. मापबाई घरी गेली आणि दिवस बघत बसली. ऑपरेशनच्या तारखेआधीच दुकानाच्या मॅनेजरबाई नवा नमुना बघायला येणार होत्या, तो दिवस. त्याच मॅनेजरबाई, ज्या चपला घालून आलेल्या मुलींना दारातून परत पाठवत. त्या दिवशी तिने लेकीला रजा टाकायला लावली आणि दुकानाचे बूट पिशवीत घेऊन चल म्हणून सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मालक मॅनेजरबाईंना तेच सांगत होते, आमच्याकडे बाईने हो म्हटल्याशिवाय बूट बाहेर पडत नाही. मास्तर नवा जोड घेऊन उभे. मापबाई फळीजवळ आली आणि तिने बूट हातात घेतला नाही.

"माझ्या अंगठ्याला काही कळत नाही," ती मॅनेजरबाईंना म्हणाली. "ऑपरेशन झाल्यापासून कळत नाही. तुमच्या मुलींच्या पायांतले बूट मीच पास केलेत, आणि हा नवा त्याहून अरुंद आहे. मास्तरांना विचारा, त्यांनी पेन्सिल टोचून बघितली आहे."

मास्तरांनी मालकांकडे बघितलं, मग बुटाकडे, आणि मान हलवली. खरं आहे, म्हणाले.

मालकांचा चेहरा उतरला, पण आवाज गोडच राहिला. बाईंची तब्येत बरी नसते हल्ली, म्हणाले. तेव्हा मापबाईने लेकीला पिशवीतले बूट घालायला लावले आणि तिला पुढे केलं. हिच्या पायाचं माप तेच आहे, आणि हिचा पाय अजून जिवंत आहे. तुमचा जुना बूटच हिच्या पायात आहे, नवा राहू द्या. हिला चालवा आणि विचारा.

"एका पोरीच्या पायावरून कारखाना चालत नाही, बाई," मालक म्हणाले.

"एकीच्याच पायावरून चाललाय आजपर्यंत."

शिलाईतली मशीनं एकेक करत थांबली होती. लेक फळीवर चढली. समोर तिची मॅनेजरबाई बसलेली, जिने तिला उद्या कामावर ठेवायचं की नाही ते ठरवायचं. ती या टोकाची त्या टोकाला गेली. पाठ ताठ, चेहऱ्यावर दुकानात शिकवलेलं हसू, अगदी गिऱ्हाइकापुढे चालावं तशी. परत आली आणि उभी राहिली.

मालकांना विचारणं भाग होतं. "काय गं, लागतो का?"

लेकीने मालकांकडे बघितलं नाही. मॅनेजरबाईंकडेही बघितलं नाही. तिने मान वळवली आणि आईकडे बघितलं. दुखतंय म्हणायची परवानगी आहे का, असं त्या नजरेत होतं. घरात बादलीतून पाय काढून घेताना तीच नजर असायची. मापबाईचा मालकांवरचा, डॉक्टरांवरचा, दुकानावरचा सगळा राग क्षणभर जागच्या जागी थिजला, कारण त्या तिघांनी मिळूनही या पोरीला गप्प बसवलं नव्हतं. ते तिने बसवलं होतं.

"माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "पाय तुझा आहे."

"लागतो," लेक म्हणाली. आणि हेही ती आईलाच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून लागतो. मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस," मापबाई म्हणाली. "मी ऐकलं नाही."

मॅनेजरबाईंनी लेकीला विचारलं की बाकीच्या मुलींचं काय. आता लेकीला थांबायचं कारण उरलं नव्हतं. तुम्ही वळलात की सगळ्या बूट काढून काउंटरमागे अनवाणी उभ्या असतात, ती म्हणाली, आणि तुम्ही आलात की पुन्हा घालतात. मॅनेजरबाईंनी लेकीच्या पायांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग त्यांनी मालकांना सांगितलं, की हा नमुना नको, आणि रुंद बूट तयार होईपर्यंत मुली आपापले बूट घालतील. मास्तर लगेच म्हणाले की फर्म्याला अंगठ्यापाशी कातड्याची भर चढवली की झालं, थोड्याच दिवसांचं काम. एवढी वर्षं ते कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

आणि मालक? मालक हसले. मी तर कधीपासून हेच म्हणत होतो, म्हणाले. उलट्या काळजाची माणसंसुद्धा कधी कधी लाजतात, पण याला लाज कशाशी खातात तेही ठाऊक नव्हतं. मॅनेजरबाईंना ऐकू जाईल अशा बेताने ते पुढे झुकले आणि म्हणाले, "आणि बाई, लेकीच्या ऑपरेशनचा शब्द दिलाय मी. ते ठरल्याप्रमाणे होणार. तुम्ही घरच्यासारख्या आहात."

"आधी बूट कापा, मालक," मापबाई म्हणाली. "पायाचं आमचं आम्ही बघू."

लेकीने तोवर फळीच्या कडेला बसून बूट काढले होते. ते तिने मालकांच्या हातात दिले आणि दवाखान्यात फोन लावून तारीख रद्द करायला अनवाणीच बाहेर गेली.